टाके भरले, दुखणे उरले

"आता तर ऑपरेशन झालं ना ताई, मग अजून काय दुखतं?"

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला घरच्यांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, संस्थेतल्या सहकाऱ्यांनी विचारला आणि चळवळीतल्या मित्रांनीही विचारला. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. ऑपरेशन झाले म्हणजे माणूस बरा झाला, आणि तरीही जो कण्हतो तो एकतर नाजूक आहे किंवा कामचुकार आहे, असे ते गृहीतक. ते तपासून पाहावे म्हणून हा लेख.

माझ्या पित्ताशयात खडे होते. रात्री-अपरात्री उजव्या बरगडीखाली कळ उठायची आणि पाठीपर्यंत जायची. सोनोग्राफी झाली आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढले. पोटावर चार लहान छेद. दुर्बिणीने बघता यावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यामुळे दोन दिवस खांदा ठणकत होता. तिसऱ्या दिवशी घरी. डॉक्टर म्हणाले, "पित्ताशय नसलं तरी काही अडत नाही. सगळं खा."

अडत नाही हे बहुतेकांच्या बाबतीत खरे आहे. पित्त तयार करते यकृत. पित्ताशय ते फक्त साठवते आणि तेलकट-तुपकट जेवण आले की आतड्यात सोडते. साठवणच गेली की पित्त थोडे थोडे सतत उतरत राहते. पुष्कळांचे शरीर काही आठवड्यांत याला सरावते. काहींचे सरावत नाही. जास्तीचे पित्ताम्ल मोठ्या आतड्यात पोचते, तिथे पाणी सुटते आणि जेवण होत नाही तोच धावत सुटावे लागते. काहींच्या पित्तनलिकेत एखादा खडा राहून गेलेला असतो. काहींच्या नलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू नीट उघडत नाही. काहींचे मूळ दुखणे जठराचे किंवा आतड्याचे असते आणि ते पित्ताशयाच्या नावावर खपून गेलेले असते. वैद्यकशास्त्रात या सगळ्याला मिळून नाव आहे. म्हणजे ही माझ्या मनाची कल्पना नाही.

पण हे मला कळायला सात महिने लागले. जिथे ऑपरेशन झाले तिथे तीनदा गेले. तिन्ही वेळा रिपोर्ट पाहिला, पोटाला हात लावला नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका." शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी पंधरा मिनिटे ऐकून घेतले. जेवणानंतर किती वेळाने जावे लागते, रात्री उठावे लागते का, हे विचारले. रक्ततपासणी, पित्तनलिकेचे एमआरसीपी आणि एंडोस्कोपी झाली. खडा उरलेला नव्हता. पित्ताम्ल बांधून ठेवणारी कोलेस्टायरामिनची पावडर सुरू झाली. बाकीच्या औषधांपासून ती काही तासांच्या अंतराने घ्यावी लागते, नाहीतर त्या औषधांनाही बांधून टाकते. जुलाब आटोक्यात आले. बरगडीखालचे दुखणे कमी झाले, गेले नाही. नागपूरच्या माणसाला तर्री-पोहे सोडायला सांगणे ही वेगळीच शिक्षा. तीही भोगते आहे.

इथवरची गोष्ट माझी. पुढची सगळ्यांची आहे.

समाजशास्त्र शिकताना टाल्कट पार्सन्सची 'रुग्णभूमिका' ही संकल्पना पाठ केली होती. १९५१ च्या 'द सोशल सिस्टिम' या ग्रंथात तो सांगतो की आजारी माणसाला समाज कामातून सूट देतो, पण त्या बदल्यात त्याने लवकर बरे व्हायची धडपड करावी अशी अपेक्षा ठेवतो. परीक्षेत यावर चांगले गुण मिळाले. पण जो बरा होतच नाही त्याचे काय, हा प्रश्न मला कळला तो वस्तीत सर्वेक्षण करताना. सकाळी अकरा वाजता पोटात कळ आली. आसपास सार्वजनिक शौचालय होते ते कुलूपबंद. एका मावशीने काही न विचारता स्वतःच्या घराचे दार उघडून दिले. त्या स्वतः रोज पहाटे अंधारात जातात, हे नंतर कळले. स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय मागणे ही किरकोळ मागणी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आजारी पोट घेऊन एक दिवस फिरून पाहावे.

दुसरा प्रश्न रजेचा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. आजारी कामगाराला उपचार मिळावेत आणि बुडालेल्या मजुरीची काही भरपाईही मिळावी, हे त्यातले तत्त्व. आज धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, मानधनावर राबणाऱ्या किती बायांपर्यंत ते पोचले? मला निदान बसून काम करता येते. त्या मावशीला ऑपरेशननंतर आठव्या दिवशी बादली उचलावी लागते.

आणि तिसरा प्रश्न आपल्या घरचा. मागच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर मी उभी राहू शकले नाही. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "चळवळीत एवढं चालत नाही." सर, चालायला हवे. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकले नाही. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन काढले. मग संघाला जाब विचारला. आपण हा प्रसंग व्याख्यानात सांगतो. कार्यकर्ता आजारी पडला की मात्र त्याच्या उपयोगाचा हिशेब मांडतो.

ज्यांना ऑपरेशननंतर असा त्रास आहे त्यांना एवढेच सांगते: नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन गप्प बसू नका. काय खाल्ले, कधी दुखले, किती वेळा जावे लागले हे महिनाभर वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, थंडी वाजून ताप आला, तर एक दिवसही थांबू नका.

आणि ज्यांना त्रास नाही त्यांनी पुढच्या वेळी "अजून काय दुखतं?" हाच प्रश्न विचारावा. फक्त उत्तर ऐकायला पाच मिनिटे बसावे.

जय भीम.