गस्तीवरून न परतलेले

विद्यार्थी मित्रांनो, माणूस मरण पावला, की आप्त त्याला कबरीत पुरतात किंवा त्याचे दहन करतात. पुढे त्या जागी जाऊन त्याची आठवण काढता येते. पण जो समुद्राच्या तळाशी गेला आणि नेमका कुठे गेला हेही कोणाला कळले नाही, त्याच्या आईने फुले कुठे वाहावीत?

या प्रश्नाचे एक उत्तर मी पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर पाहिले. तेथे पर्ल हार्बर नावाचे बंदर आहे. या बंदराच्या काठावर ५२ फलक उभे आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या नष्ट झाल्या. प्रत्येक पाणबुडीसाठी एक फलक आहे. त्यावर तिचे नाव आहे, तिचा शेवट कसा झाला ते सांगितले आहे आणि तिच्याबरोबर गेलेल्यांची नावे आहेत. एकूण साडेतीन हजारांहून अधिक माणसे गेली. पाणबुड्यांवर गस्तीला गेलेल्या पाच जणांपैकी साधारण एक जण घरी परतला नाही.

फलकांच्या शेजारी 'बोफिन' नावाची त्या काळातील खरी पाणबुडी पाण्यात उभी करून ठेवली आहे. १९८१ पासून ती लोकांना पाहण्यासाठी खुली आहे. आत शिरलो आणि माझा जीव गुदमरला. अरुंद वाटा, चहूकडे नळ आणि चाके, खिडकी एकही नाही! अशा जागेत सुमारे ८० माणसे कित्येक आठवडे राहत. गोडे पाणी जपून वापरावे लागे, म्हणून आंघोळ क्वचितच मिळे. काही जण एकच बिछाना पाळीपाळीने वापरत. पाण्याखाली पाणबुडी बॅटरीवर चाले. बॅटरी पुन्हा भरण्यासाठी तिला पाण्यावर यावे लागे. तेव्हाच शत्रूच्या नजरेला पडण्याचे भय अधिक असे.

बाहेर आल्यावर मी फलक सावकाश वाचू लागलो. 'टँग' या पाणबुडीची हकीकत वाचून मी थबकलो. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिने शत्रूच्या जहाजावर पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडला. तो पाणतीर भरकटला आणि गोल फिरून 'टँग'वरच येऊन आदळला. ७८ जण मरण पावले. फक्त ९ जण वाचले. 'ग्रूनियन' ही पाणबुडी १९४२ मध्ये अलास्काच्या बाजूला ७० जणांसह नाहीशी झाली. ती कुठे बुडाली, हे कोणालाच माहीत नव्हते. तिच्या कप्तानाच्या मुलांनी म्हातारपणी शोध घेतला. अखेर २००७ मध्ये समुद्राच्या तळाशी ती सापडली. वडील गेले तेव्हा ही मुले लहान होती. वडिलांची जागा कळायला त्यांना ६५ वर्षे वाट पाहावी लागली!

पाणबुडीवरची माणसे आपल्या हरवलेल्या साथीदारांना 'मेले' असे म्हणत नाहीत. 'ते अजून गस्तीवर आहेत' असे म्हणतात. मला हे बोलणे फार आवडले. एका फलकासमोर उभा राहून मी सगळी नावे हळू आवाजात वाचली. पाच मिनिटे लागली. 'साडेतीन हजार' हा आकडा आपण एका क्षणात वाचून मोकळे होतो, पण नावे वाचताना एकेक माणूस समोर येतो.

मित्रांनो, येथेच ही गोष्ट संपली असती, तर मी निश्चिंत मनाने परतलो असतो. पण 'बोफिन'ची आणखी एक हकीकत आहे. ती तुम्हांला सांगितलीच पाहिजे.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. बरोबर एक वर्षाने 'बोफिन' पाण्यात उतरली. त्यामुळे तिला 'पर्ल हार्बरचा सूड घेणारी' असे टोपणनाव मिळाले. २२ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिने 'त्सुशिमा मारू' हे जपानी जहाज बुडवले. ओकिनावा बेटावर लढाई होणार, या भीतीने तेथील शाळकरी मुलांना या जहाजातून सुरक्षित जागी नेत होते. सुमारे दीड हजार माणसे बुडाली. त्यांत सातशेहून अधिक विद्यार्थी होते. बरेचसे तुमच्याहून लहान!

पाणबुडीवरची माणसे क्रूर होती, असे मी म्हणत नाही. जहाजात मुले आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना दिसले ते फक्त शत्रूचे मालवाहू जहाज. इकडे जपानी अधिकाऱ्यांनी वाचलेल्यांना ताकीद दिली, की या घटनेविषयी कोणाजवळ काही बोलायचे नाही. म्हणजे मुले गेलीच, पण त्यांच्यासाठी उघडपणे रडण्याचीही मनाई झाली.

पुढे ओकिनावातील नाहा शहरात या मुलांचेही स्मारक उभे राहिले. २००४ मध्ये तेथे एक संग्रहालय सुरू झाले. ज्या मुलांची छायाचित्रे मिळाली, ती तेथे भिंतीवर लावली आहेत.

आता तुम्ही विचाराल, मग पर्ल हार्बरच्या फलकांना नमस्कार करावा की नाही? माझे उत्तर आहे, जरूर करावा. ती माणसेही कोणाची तरी मुले होती. घरची माणसे त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. पण एका बाजूचे दुःख खरे आणि दुसऱ्या बाजूचे खोटे, असे कधी नसते. समुद्राने दोघांनाही सारखेच पोटात घेतले.

तुमच्या गावात किंवा शहरात एखादे स्मारक असेल. तेथे गेलात, तर घाईने पुढे जाऊ नका. दोन मिनिटे थांबा आणि एक तरी नाव पूर्ण वाचा. मग मनाशी आणखी एक प्रश्न विचारा : या दगडावर कोणाची नावे लिहायची राहिली आहेत?