तळाशी राहणारा मुरा

पुलावरून नदीकडे पाहताना तुम्हांला काय दिसते? पाणी! आज मात्र पाण्याखाली, अगदी नदीच्या तळाकडे पाहा. तिथे मुरा राहतो.

मुरा हा बोटाएवढा मासा. अंग लांबट, त्यावर वाळूच्या रंगाचे ठिपके आणि पट्टे. तोंड खाली वळलेले व तोंडाभोवती लहान लहान मिशा. गढूळ पाण्यात डोळे फारसे उपयोगी पडत नाहीत, म्हणून तो मिशांनी वाळू चाचपून किडे-अळ्या शोधतो. चाहूल लागली, की गोट्याखाली शिरतो. त्याच्या काही भाऊबंदांची करामत तर याहून मोठी! पाण्यातला प्राणवायू कमी झाला, की ते वर येऊन हवेचा घोट गिळतात आणि चक्क आतड्यातून श्वास घेतात.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या एका माशाला त्याने लोकांच्या तोंडचेच नाव दिले. आज त्याचे शास्त्रीय नाव आहे पॅराकँथोकोबायटिस मुरेह. पहिल्या शब्दाला जीभ अडखळते, पण दुसरा आपला मराठी! तुमच्याप्रमाणे परदेशी शास्त्रज्ञांनाही एक मराठी शब्द शिकावा लागला, याची मला गंमत वाटते.

मुऱ्याच्या जातीचे मासे सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंच्या ओढ्यानाल्यांत राहतात. खालापूर तालुक्यातील लोधिवलीच्या परिसरात पाताळगंगा वाहते. उन्हाळ्यात लहान ओढे आटतात, पण ही नदी वाहत असते. कारण 1915 पासून तिला घाटावरचे पाणी मिळते. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी मोठ्या नळांतून खोपोलीच्या वीजघरात उतरते आणि वीज निर्माण करून नदीत येते. एरवी ते भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेच्या समुद्राकडे गेले असते!

पण नदीत पाणी आहे म्हणजे मुऱ्याला घर आहे, असे समजू नका. त्याचे घर म्हणजे गोट्यांमधल्या फटी. वाळू-गोटे उपसून नेले, की घर गेले. गाळ साचला, की फटी बुजल्या. याच भागात रसायनीचा कारखान्यांचा पट्टा आहे. सांडपाण्यातली घाण तळाशी बसते, आणि मुरा तर तळाशीच जेवतो. काही जण मासे मारण्यासाठी ओढ्यात विषारी पूड टाकतात. मोठा मासा कदाचित निसटेल, पण मुरा तळ सोडून जाणार कुठे?

पावसाळा संपून पाणी निवळले, की एखाद्या उथळ ओढ्याकाठी स्वस्थ बसा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. थोड्या वेळाने वाळूचा एखादा ठिपका हलेल. तोच मुरा!