नोटेवरचे वचन

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मी पंजाबात एका जिल्ह्यात रुजू झालो. कोषागाराच्या दुहेरी कुलपाच्या खोलीची तपासणी करणे हे माझ्या कामांपैकी एक. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघे आल्याविना दार उघडत नसे.

त्या दिवसांत 'खलिस्तान डॉलर'ची चर्चा ऐकू येई. डॉ. जगजितसिंग चौहान हे एकेकाळचे पंजाबचे अर्थमंत्री. १९८० साली त्यांनी खलिस्तानची घोषणा करून स्वतःस अध्यक्ष म्हणविले आणि लंडनमधून पारपत्रे, टपाल तिकिटे व चलनही काढले. कोषागार ज्यांच्या खात्यात मोडे, त्यांनीच कोषागाराविना चलन काढावे, याचे मला नवल वाटे. आमचे वयस्क शीख खजिनदार मात्र हसून म्हणाले, "साहेब, त्या डॉलरवर एका विधवेचे निवृत्तिवेतन देऊन दाखवा, मग बोलू."

प्रत्येक फुटीर चलन असे कागदीच राहते असे नाही. नायजेरियातून मे १९६७ मध्ये फुटलेल्या बियाफ्राने जानेवारी १९६८ मध्ये स्वतःचा पौंड काढला. त्यात लोकांनी भाजीपाला घेतला, बचत ठेवली. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा शरण गेला. खात्यात कितीही रक्कम असो, ठेवीदाराच्या हाती सरसकट वीस पौंड ठेवण्यात आले. युद्ध संपले, परंतु ते वीस पौंड इग्बो समाज विसरलेला नाही. जिंकणाऱ्या शासनाचीही पत असते आणि तीही खर्च होते.

हे मला फार उशिरा उमगले. त्याच कोषागारात एका वृद्धेचे निवृत्तिवेतन एका सहीअभावी तीन महिने अडले होते. सही माझीच राहिली होती. खजिनदारांनी कागद पुढे सरकवला, बोलले काहीच नाहीत. त्यांची ती कसोटी आपल्यालाही लागू आहे, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

चौहान २००१ मध्ये भारतात परतले आणि २००७ मध्ये निवर्तले. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी शंभराची नोट एकदा उलटून पाहावी. भाषांच्या पट्टीत आपले 'शंभर रुपये' आहेत आणि गुरुमुखी ओळही आहे. वचन छापण्याचे काम छापखान्याचे. ते पाळण्याचे काम आमच्या टेबलावरचे. असो.