नावातली स्पेस

गणपती जवळ आले की पेणमध्ये संगणकालाही उसंत नसते. कोणाची मूर्ती किती इंचांची, शाडूची की पीओपीची, डोळ्यांची आखणी झाली का, मुंबईच्या गाडीत कोणती चढली, सगळं एक्सेलमध्ये. ऐन हंगामात मूर्तींच्या एका कारखान्याच्या मालकांचा मला फोन आला, "पेनड्राइव्ह रिकामाच दिसतोय हो!"

रोज संध्याकाळी तिथे बॅकअपच्या आयकॉनवर क्लिक व्हायचं, काळी विंडो उघडून क्षणात बंद व्हायची आणि काम झालं असं सगळे धरून चालायचे. मी त्या आयकॉनमागच्या बॅच फाइलच्या शेवटी 'पॉज' लिहिलं. विंडो थांबली, संदेश वाचता आला: 'इनव्हॅलिड नंबर ऑफ पॅरामीटर्स'. फोल्डर होता 'गणपती ऑर्डर'. फाइलमधल्या 'एक्सकॉपी' या कॉपी करणाऱ्या कमांडने ते नाव स्पेसपाशी तोडलं होतं. 'डी:\गणपती' एक, 'ऑर्डर' दुसरं, पेनड्राइव्ह तिसरा. आणि त्याला पत्ते हवे असतात दोनच. फसगत होते ती अशी, की त्याच विंडोत 'सीडी' कमांड स्पेसवालं नाव बिनतक्रार घेते.

"मग नाव बदलू का?"

"नको काका." एक्सेलमधल्या मूर्तींच्या फोटोंच्या लिंक जुन्या पत्त्यावर होत्या, त्या तुटल्या असत्या. शिवाय आपल्या कामाला वाचता येईल असं नाव द्यायचा माणसाला हक्क आहे. डॉसमधली आठ अक्षरांची अडचण 1995 साली विंडोज 95 ने दूर केली, ती त्यासाठीच. खुद्द विंडोजच्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्येही स्पेस आहेच की! मी पूर्ण पत्त्याला दुहेरी अवतरणचिन्हं दिली. फोल्डर माउसने ओढून काळ्या विंडोत सोडला तर ती आपोआप लागतात, हेही काकांना करून दाखवलं.

पुढे रोह्याला, धाटाव एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये, अवतरणचिन्हं असूनही 'रोबोकॉपी' ही कॉपीची दुसरी कमांड अडली होती. 'लॅब रिपोर्ट'च्या पत्त्याचा शेवट बॅकस्लॅशने झाला होता आणि त्याला चिकटून अवतरणचिन्ह. अशा वेळी ते चिन्ह नावाचाच भाग समजलं जातं आणि पुढचा पत्ताही त्यातच ओढला जातो. शेवटचा बॅकस्लॅश काढला, कॉपी सुरू झाली.

स्पेस खुशाल ठेवा, अवतरणचिन्हं विसरू नका. आणि आज घरी जाण्यापूर्वी पेनड्राइव्हवरची एखादी फाइल उघडून बघाच.