एका चित्रविक्रेत्याचा कागदी ठेवा

दुकानदारानें दुकानांतला उत्तम माल स्वतःसाठीं ठेवून घ्यावा, हें धंद्याच्या रीतीस धरून नाहीं. हलवाईदेखील आपली मिठाई सहसा खात नाहीं. परंतु पॅरिस येथील प्येर-झां मारिएत (१६९४–१७७४) हा या नियमास मोठाच अपवाद होऊन गेला. ठशांच्या चित्रांचा व्यापार त्याच्या घरीं पिढीजात चालत आलेला. तरुणपणीं व्हिएन्नास जाऊन प्रिन्स युजीन याच्या चित्रसंग्रहाची व्यवस्था त्यानें लावून दिली. १७५० च्या सुमारास त्यानें दुकान विकलें आणि पुढें तो सरकारी अधिकारावर गेला. पण लाल खडूनें वा शाईनें कागदावर काढलेलीं थोर चित्रकारांचीं रेखाचित्रें तो जन्मभर जमवीतच राहिला. त्याच्या मृत्यूच्या वेळीं तीं नऊ हजारांच्या आसपास भरलीं.

या ठेव्याचें मूळ दुसऱ्या एका लिलावांत आहे. क्रोझा नामक धनिकानें आपलीं रेखाचित्रें विकून येणारा पैसा पॅरिसच्या गोरगरिबांस द्यावा असें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें. १७४१ सालच्या त्या विक्रीची यादी मारिएतनेंच केली. सुमारें एकोणीस हजार चित्रांची! यादी करतां करतां त्याची नजर कशावर बसली असेल हें निराळें सांगणें नको. त्यांतलीं पुष्कळ चित्रें त्यानें स्वतःच विकत घेतलीं.

घेतलेलें चित्र तो निळ्या पुठ्ठ्यावर बसवी, भोंवतीं सोनेरी रेघ काढवी आणि खालीं चौकटींत चित्रकाराचें नांव लॅटिन भाषेंत घाली. कित्येकांवर पूर्वीच्या मालकाचेंही नांव असे. संस्कृत पोथ्या हाताळणाऱ्यास येथें पुष्पिकेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पोथी कोणीं लिहिली, कोठें लिहिली, कोणत्या शकांत लिहिली, हें शेवटच्या त्या दोन ओळींत नसतें, तर आपले ग्रंथ आज निनांवी होऊन पडले असते. मात्र त्याची एक गोष्ट मला मुळींच रुचत नाहीं. ज्या कागदांच्या दोन्ही अंगांस चित्रें होतीं, त्यांपैकीं कांहीं त्यानें जाडींत सोलवून एकाचे दोन केले. दोन्ही बाजू एकदम पाहतां याव्यात हा त्याचा हेतु. पण सोललेला कागद पुन्हां जुळत नाहीं.

मारिएत वारल्यावर राजानें सगळा संग्रह एकत्र घेण्याची तयारी दाखविली होती. वारसांनीं ती मानली नाहीं. बासां या ठसे कोरणाऱ्या व्यापाऱ्यानें यादी छापली, आणि १७७५ च्या नोव्हेंबरपासून १७७६ च्या जानेवारीअखेरपर्यंत लिलाव चालला. राजाच्या वतीनें हजाराहून अधिक चित्रें घेतलीं गेलीं, तीं आज लूव्हर येथें आहेत. बाकीचीं फुटून युरोपभर गेलीं. सेंत-ओबें हा चित्रकार त्या विक्रीस जाऊन बसे आणि छापील यादीच्या समासांत, बोली चालू असतांच, चित्रांच्या चिमुकल्या नकला काढी. ती प्रत बोस्टनच्या संग्रहालयांत जपलेली आहे. मला विचाराल तर त्या सबंध लिलावांत सर्वांत शहाणा मनुष्य हाच.

हें सारें मीं वाचलें त्यास कारण आमच्याच घरीं आहे. आजोबांनीं जमविलेली एक लांकडी पेटी माझ्या खोलींत आहे. तींत पुण्याच्या चित्रशाळेचीं व रविवर्म्याच्या छापखान्याचीं चित्रें आणि थोड्या सचित्र पोथ्या. पुतण्या म्हणतो, "काका, आज मोल येतें आहे, तोंवर देऊन टाकूं. मुलीच्या शिक्षणाला हातभार लागेल." वहिनींचें म्हणणें, विकूं नये, पण चौघां घरांत सारखी वांटणी करून भिंतीवर लावावीं. खरें सांगावयाचें तर मला वहिनींचाच बेत अधिक भीतिदायक वाटतो. उजेडांत कागद पिवळा पडतो, रंग उडतात. पेटींत शंभर वर्षें राहिलेलें चित्र दिवाणखान्यांत वीस वर्षेंही धड राहावयाचें नाहीं. उलट पुतण्याच्या बोलण्यांत मला कांहीं पाप दिसत नाहीं. क्रोझाचा पैसा गरिबांकडे गेला, आमचा नातीच्या पुस्तकांस जाईल. आजोबा स्वतः शिक्षक होते. त्यांनीं नाहीं म्हटलें नसतें.

माझी अट एकच, आणि ती घरांत सर्वांनीं मान्य केली आहे. नोंद झाल्यावांचून एकही कागद बाहेर जावयाचा नाहीं. निळ्या पुठ्ठ्यांची आमची ऐपत नाहीं. तेव्हां प्रत्येकास जाड पांढरें वेष्टन घालतों आणि त्या वेष्टनावर शिसपेन्सिलीनें चित्राचें नांव, छापखाना व आजोबांचें नांव लिहितों. पोथ्यांच्या पुष्पिका वहींत उतरून घेतों, कारण पोथ्या विकावयाच्या नाहींत असें ठरलें तरी वाळवी आम्हांस विचारून येत नाहीं. पुतण्याची मुलगी संध्याकाळीं समोर बसून वेष्टनें कापून देते, आणि मधूनच एखादें चित्र उचलून, "आजोबा, हें राहूं द्या ना," म्हणते. तिनें बाजूला काढलेलीं आतांपर्यंत ६ झालीं आहेत. पेटींत एकंदर ८३ कागद आहेत; ४१ लिहून झाले. पुतण्यानें दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे.