पाऊण लिटरात वुजू

डिसेंबरच्या सुटीत मुलांना घेऊन आम्ही प्रबळगडाच्या माचीवर एक रात्र तंबूत काढली. “पोरींना रानात नेता?” सासूबाई म्हणाल्या. नेलं. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, म्हणून माचीवरच्या एका ठाकूर कुटुंबाला विचारून त्यांच्या शेताच्या बांधाशी तंबू ठोकला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मुलं खूश, फुकट मुक्काम!

पण त्या घरातली बाई पाणी डोक्यावरून आणते, हे मी मागच्या खेपेला पाहिलं होतं. तिचा हंडा आपण रिकामा केला तर फुकट कसलं? म्हणून ठाकूरवाडीपासूनच प्रत्येकाने स्वतःचं पाणी पाठीवर घेतलं. चढताना धाकटा कुरकुरला. त्याला सांगितलं, प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, म्हणजे साधारण पाऊण लिटर. त्याने बाटलीवर पेनाने खूण केली आणि मगरिबला खुणेच्या आतच वुजू आटोपला. किब्ल्यावरून वाद झाला. डिसेंबरात सूर्य नैऋत्येला मावळतो, त्यामुळे मावळतीच्या बरंच उजवीकडे वळावं लागतं. शौचासाठी पायवाट आणि झाडाची सावली सोडायची, हे हदीसमधलंच. चूल पेटवली नाही. भाकरी आणि सुकी चटणी घरूनच नेली होती.

फज्रला थंडी कडक होती, तरी मुली आधी उठल्या.

आता घरीही धाकटा बाटली घेऊनच वुजूला बसतो. सासूबाई मात्र नळ सोडून करतात. त्यांना सांगायला अजून कोणी धजावलेलं नाही.