चतुःसीमा

सोलापुरात मधल्या मारुतीजवळ आमच्या आजोळचा वाडा आहे. मामांनी मोठ्या हौसेने त्याची डागडुजी केली. माळवदाची गळती थांबवली, सागवानी खांबांना तेलपाणी केले. आणि आता तोच वाडा त्यांनी विकायला काढला आहे! मुले परगावी, मामींना जिना चढवत नाही.

खरेदीखताचा मसुदा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. चतुःसीमा : पूर्वेस विणकरांचे घर, दक्षिणेस किराणा दुकान, पश्चिमेस अत्तरवाल्यांचे घर, उत्तरेस रस्ता. कागदावर एवढेच. पण पूर्वेची भाषा तेलुगू, दक्षिणेची कानडी, पश्चिमेची उर्दू. आणि आमच्या मामी एकाच दुपारी तिन्ही भाषांत भांडून संध्याकाळी तिन्ही घरी वाटी पोचवीत.

सोलापूरची रीतच ही. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चार सोलापूरकर फाशी गेले : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. घराणी निरनिराळी, गाव मात्र ती नावे एका दमात घेते.

“गिऱ्हाईक येते, खण मोजते, तुळया ठोकून पाहते,” मामा म्हणाले. “शेजाराची किंमत कशी लावायची, सांग.”

मला उत्तर सुचेना. पुण्यातल्या माझ्या ब्लॉकच्या भिंतीपलीकडे कोण राहते, हेदेखील मला ठाऊक नाही. मी मसुदा मिटला.

“मामा, गिऱ्हाईकाला आठ दिवस थांबवा. मी घरी विचारून कळवतो.”